‘सेंट्स अँड सोल्जर्स’: नाव न घेतलेली श्रद्धा आणि न दाखवलेली लढाई

युद्धपट काढायचा म्हटले की खर्चाचा आकडाच आधी छाती दडपवतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकी सैनिकांची कथा सांगणाऱ्या हॉलिवूडच्या एका बड्या चित्रपटाला १९९८ साली सुमारे सात कोटी डॉलर खर्च आला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच महायुद्धातील त्याच सैन्यावर रायन लिटल या दिग्दर्शकाने ‘सेंट्स अँड सोल्जर्स’ हा चित्रपट सुमारे ७ लाख ८० हजार डॉलरमध्ये पुरा केला. म्हणजे जवळजवळ नव्वदावा हिस्सा. एवढ्या पैशात रणभूमी उभी करणे अवघड होतेच, पण लिटल यांनी त्यावर आणखी एक अवघड काम अंगावर घेतले होते. त्यांना लढाईच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाच्या श्रद्धेविषयी बोलायचे होते आणि ते प्रवचन होऊ द्यायचे नव्हते.

या चित्रपटाचा प्रकरण म्हणून अभ्यास करण्याचे कारण हेच आहे. पैसे नव्हते म्हणून त्यात पुष्कळ काही दाखवलेले नाही, आणि श्रद्धेचा मान राखायचा म्हणून पुष्कळ काही बोललेले नाही. माझ्या मते ही दोन वेगळी बंधने नव्हती. पहिल्या बंधनाने दिग्दर्शकाला दुसरे पाळायला शिकवले, आणि जिथे जिथे चित्रपटाचा हात सैल सुटला, तिथे तिथे त्याच्या श्रद्धेचेही वजन कमी झाले.

बोन्येचा चौक

कथेचा आरंभ खऱ्या घटनेतून होतो, म्हणून ती घटना आधी नीट समजून घ्यायला हवी. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनीने बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या आर्देन जंगलातून अमेरिकी आघाडीवर अचानक चढाई केली. या चढाईत सर्वांत पुढे धावणाऱ्या तुकड्यांपैकी एक योआखिम पायपर या, एसएस म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्या, अधिकाऱ्याची होती. पूल ताब्यात घेत, थांबा न घेता म्यूज नदीपर्यंत पोहोचणे हे तिचे काम होते, आणि ज्या तुकडीला थांबायचे नसते तिला युद्धकैदी हे ओझे वाटते.

१७ डिसेंबरला दुपारी माल्मेडी गावाजवळच्या बोन्ये येथील चौकात पायपरच्या तुकडीची गाठ अमेरिकेच्या २८५व्या तोफखाना निरीक्षण बटालियनच्या बी बॅटरी या तुकडीशी पडली. निरीक्षण बटालियनचे काम शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते हेरण्याचे. रणगाड्यांशी दोन हात करण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती. ते शरण आले. त्यांना चौकालगतच्या मोकळ्या शेतात हात वर करून उभे करण्यात आले आणि त्यांच्यावर मशीनगन चालवण्यात आल्या. गोळीबार थांबल्यावर जर्मन सैनिक पडलेल्या माणसांमध्ये फिरले आणि ज्याच्यात जीव दिसला त्याच्यावर जवळून गोळी झाडली. काही जण मेल्याचे सोंग घेऊन, साथीदारांच्या प्रेतांमध्ये निपचित पडून राहिले. त्या थंडीत तोंडातून निघणारी वाफसुद्धा जीवावर बेतणारी होती. संधी साधून ते उठले आणि जंगलाकडे धावत सुटले, त्यातले चाळिसांहून अधिक वाचले. मृतांची संख्या ८४ होती. त्यांचे देह बर्फाखाली गोठून राहिले आणि जानेवारी १९४५ मध्ये तो भाग पुन्हा अमेरिकेच्या ताब्यात आल्यावर बाहेर काढण्यात आले.

पुढे १९४६ मध्ये दाखाऊ येथे खटला चालला आणि ४३ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांपैकी एकाचीही अंमलबजावणी झाली नाही, आणि पायपर १९५६च्या अखेरीस तुरुंगाबाहेर आला. चित्रपट या भागाला हात लावत नाही, आणि त्याने तो लावायलाही नको होता. तरीही प्रेक्षकाला हे ठाऊक असावे असे मला वाटते, कारण न्याय झाला नाही ही गोष्ट मनात असली की चित्रपटातील क्षमेचा प्रसंग फार महाग वाटू लागतो.

जंगलात शिरलेली माणसे

चित्रपटातील चार अमेरिकी सैनिक या हत्याकांडातून निसटून जंगलात शिरतात. नेथन ग्रीअर हा कॉर्पोरल अचूक नेमबाज आहे आणि साथीदार त्याला ‘डीकन’, म्हणजे चर्चमधला सेवक, या टोपणनावाने हाक मारतात. ही भूमिका कॉर्बिन ऑलरेड याने केली आहे. गुल्ड हा जखमींवर उपचार करणारा मेडिक, देव न मानणारा आणि जिभेला धार असलेला. गंडरसन हा सार्जंट डीकनला जुना ओळखणारा, आणि केंड्रिक हा लुईझियानाचा बडबड्या सैनिक. वाटेत त्यांना विनली नावाचा ब्रिटिश वैमानिक भेटतो. त्याच्याकडे शत्रूच्या चढाईविषयी माहिती आहे आणि ती मित्रसैन्यापर्यंत पोहोचवायची आहे. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, अन्न नाही, हत्यारे नावापुरती, आणि मध्ये शत्रूने व्यापलेला मुलूख. एवढ्यावर कथा उभी आहे.

डीकन झोपू शकत नाही. आधीच्या एका चकमकीत, जर्मन सैनिक आत आहेत असे समजून केलेल्या हल्ल्यात, त्याच्या हातून बायकामुले मारली गेली आहेत. ती त्याला दिसतात. अशा अवस्थेला त्या काळी अमेरिकी सैन्यात ‘थकवा’ एवढाच शब्द वापरत. चित्रपटानेही डीकनच्या अवस्थेला त्याहून मोठे नाव दिलेले नाही, आणि ते बरे केले. या माणसाचे काय बिघडले आहे, ते प्रेक्षकाला त्याच्या थरथरत्या हातांवरून आणि एकाच जागी खिळलेल्या नजरेवरून कळते.

पैसा आणि बर्फ

चित्रीकरण युटा राज्यात, हिवाळ्यात झाले. बेल्जियमचे जंगल अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगरांत उभे करायचे म्हणजे ओळखू येईल असे सगळे चौकटीबाहेर ठेवायचे. तिथले उंच कडे दिसले की बेल्जियम संपले. त्यामुळे कॅमेरा खाली, झाडांच्या बुंध्यांमध्ये आणि माणसांच्या चेहऱ्यांजवळ राहतो. ढगाळ प्रकाश, धुके आणि बर्फ यांनी दूरचे सगळे पुसून टाकलेले आहे. वाट चुकलेल्या माणसांनाही एवढेच दिसते, आणि त्यामुळे दिग्दर्शकाची अडचण पात्रांच्या अडचणीशी जुळून गेली.

फुकटात मिळालेला बर्फ मात्र स्वतःची किंमत वसूल करतो, हे ज्याने बर्फात काम केले आहे त्यालाच कळेल. अंगणात पडलेल्या पिठासारखी त्याची गत असते, एक पाऊल पडले की ते दिसतेच. कोऱ्या बर्फातून चौघे चालत गेल्याचे दृश्य एकदा टिपले की त्यांची पावले उमटलेली राहतात. दुसऱ्यांदा तेच दृश्य टिपायचे तर कॅमेऱ्यासह दुसऱ्या कोऱ्या जागी जावे लागते, नाहीतर पुन्हा बर्फ पडण्याची वाट पाहावी लागते. मोठ्या स्टुडिओकडे कृत्रिम बर्फ पसरणारी माणसे असतात. इथे दृश्य आधी नीट ठरवून, पहिल्याच प्रयत्नात साधण्यावाचून गत्यंतर नव्हते. लिटल स्वतःच छायालेखक होते, आणि त्यामुळे खर्चाबरोबरच दोन माणसांमधली समजावणीही वाचली असणार.

गोळीबाराचेही तसेच आहे. खोटी का असेना, झाडलेली प्रत्येक गोळी पैसे खाते. अंगावर गोळी लागल्याचा लहानसा स्फोट दाखवायचा तर एक गणवेश वाया जातो, आणि दृश्य बिघडले तर दुसरा लागतो. पटकथेनेच या माणसांच्या हातातली शस्त्रे काढून घेतली आहेत. ज्यांच्याकडे गोळ्याच नाहीत ती माणसे लपतात, दबक्या आवाजात बोलतात, भांडतात आणि एकमेकांच्या अंगाची ऊब घेतात. लढाई परवडत नव्हती म्हणून संवाद आला, आणि संवाद आला म्हणून श्रद्धेचा प्रश्न कथेच्या मध्यभागी सरकला.

जर्मन आणि अमेरिकी सैन्य उभे करण्यासाठी लिटल यांनी जुन्या लढायांचे प्रसंग हौसेने पुन्हा उभे करणाऱ्या मंडळींची मदत घेतली. अमेरिकेत असे गट पुष्कळ आहेत. ही माणसे पदरमोड करून त्या काळचे गणवेश, पट्टे, बंदुका, जीपगाड्या जमवतात, आणि बुटावरचे कापडी वेष्टण कोणत्या बाजूने बांधायचे यावर तासन्‌तास वाद घालतात. वेशभूषेवर होणारा मोठा खर्च तर वाचलाच, शिवाय चुका काढणारे डोळेही चित्रीकरणाच्या जागी फुकट मिळाले. त्यांची एक मर्यादा सांगायला हवी. असे हौशी लोक बरेचदा मध्यमवयीन आणि खाऊनपिऊन सुखी असतात, तर १९४४च्या हिवाळ्यातले सैनिक विशीतले, उपाशी आणि काडीसारखे झालेले होते. गर्दी विरळ आणि दूर ठेवल्याने हा फरक बहुतेक ठिकाणी झाकला गेला आहे.

एकदाही न आलेला शब्द

दिग्दर्शक आणि मूळ प्रेक्षक मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या समाजातले होते. त्या समाजाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ आहे, आणि चित्रपटाच्या नावातले ‘सेंट्स’ तिथून आले आहे. २००० सालाच्या सुमारास युटात या समाजाने स्वतःसाठी, स्वतःच्या जीवनावर चित्रपट काढायला सुरुवात केली होती. त्यांतले बरेचसे घरच्या माणसांनी घरच्या माणसांना सांगितलेल्या गोष्टींसारखे होते, म्हणजे आतल्याला खूण पटे आणि बाहेरच्याला काहीच कळत नसे.

‘सेंट्स अँड सोल्जर्स’ने वेगळी वाट धरली. डीकन कोणत्या पंथाचा आहे हे पूर्ण चित्रपटात कुणी म्हणत नाही. खुणा मात्र जागोजागी आहेत. तो अॅरिझोनातल्या स्नोफ्लेक गावचा आहे, आणि ते गाव १८७८ मध्ये या पंथाच्या लोकांनी वसवलेले आहे. तो उत्तम जर्मन बोलतो, कारण युद्धापूर्वी तो धर्मप्रचारक म्हणून बर्लिनमध्ये राहिलेला आहे. तो सिगारेट ओढत नाही आणि कॉफी घेत नाही, कारण या पंथात दोन्ही वर्ज्य आहेत.

शेवटच्या खुणेपाशी थोडे थांबावेसे वाटते. त्या युद्धात अमेरिकी सैनिकाला मिळणाऱ्या के-रेशन या तयार शिध्याच्या न्याहारीच्या पुडक्यात बिस्किटे, मांसाचा डबा, साखर, च्युइंगगम यांच्याबरोबर विरघळणाऱ्या कॉफीची पुडी आणि चार सिगारेटी असत. कडाक्याच्या थंडीत, झोप उडालेल्या आणि पोट रिकामे असलेल्या माणसासाठी त्या पुडक्यातल्या सर्वांत मोलाच्या वस्तू बहुधा याच दोन होत्या. ज्याला त्या चालत नाहीत, त्याला हा नियम रोज सकाळी, साथीदारांच्या डोळ्यांदेखत, गोठलेल्या बोटांनी पाळावा लागतो. त्याच्या मनात काय चालते ते दिसत नाही, पण त्याने पुढे सरकवलेली सिगारेट दिसते. श्रद्धेचे चित्रण करणाऱ्याला याहून चांगली वस्तू मिळणार नाही, आणि तिला खर्च काहीच नाही.

नाव न घेण्याच्या निर्णयामागे व्यवहार होता हे उघड आहे. समाजाच्या प्रेक्षकाला खूण पटते, बाहेरच्याला एक धर्मभीरू सैनिक दिसतो, आणि तिकीट दोघेही काढतात. पण या निर्णयाने कलेच्या दृष्टीनेही मोठे काम केले. पंथाचे नाव घेतले असते तर डीकनचे प्रत्येक वागणे त्या पंथाची साक्ष ठरले असते. नाव नसल्याने ते एका माणसाचे वागणे राहिले. त्याची किंमतही चित्रपटाने मोजली आहे. ज्याने माणसे मारली आहेत असा धर्मप्रचारक स्वतःच्या धर्मशिकवणीपुढे कसा उभा राहतो, तो नेमके काय मागतो, कोणत्या वचनाचा आधार घेतो, हे आपल्याला आतून ऐकायला मिळत नाही. ती पोकळी मला प्रत्येक वेळी जाणवते, आणि तरीही बोलके केले असते तर अधिक बिघडले असते असेच माझे मत आहे.

इथे त्याच महिन्यातली एक खरी घटना शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकी जनरल पॅटन यांनी आपल्या तिसऱ्या आर्मीचे मुख्य धर्मगुरू जेम्स ओनील यांच्याकडून चांगल्या हवामानासाठी प्रार्थना लिहवून घेतली आणि तिची सुमारे अडीच लाख कार्डे सैनिकांमध्ये वाटली. लढाईसाठी आकाश निरभ्र कर, अशी ती मागणी होती. सैन्याची सार्वजनिक श्रद्धा अशी असते. ती हुकूम, मागणी आणि विजय यांच्या भाषेत बोलते. डीकनची श्रद्धा खिशातल्या लहानशा धर्मपुस्तकाएवढी आहे आणि तिच्याकडे युद्धासाठी काहीच मागणी नाही. अशा खासगी श्रद्धेचे दर्शन मोठ्या पडद्यावरच्या मोठ्या लढाईत हरवून गेले असते.

कोण वाचले आणि का

श्रद्धेवरचा चित्रपट हत्याकांडाने सुरू करण्यात मोठा धोका होता. बोन्येच्या शेतात ८४ माणसे पडली. त्यांच्यात चर्चला जाणारी असतील, प्रार्थना करत पडलेली असतील, घरी आईने खिशात घातलेले बायबल बाळगणारी असतील. १९४१ पासून तर अमेरिकी सैनिकांना राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या पत्रासह खिशात मावेल असा बायबलचा ‘नवा करार’ दिला जात होता. आता त्या शेतातून एक श्रद्धावान नायक वाचतो असे दाखवले की, देवाने त्याला वाचवले असा अर्थ आपोआप निघतो. आणि तो अर्थ निघाला की, उरलेल्या ८४ जणांना देवाने का टाकले याचे उत्तर त्याच चित्रपटाने द्यायला हवे. पुष्कळ श्रद्धाळू कथा या जागी डोळे मिटून पुढे जातात. मृतांवर हा अन्याय आहे, आणि श्रद्धेवरही आहे.

चित्रपटाने हा प्रश्न टाळलेला नाही. तो गुल्डच्या तोंडी दिला आहे, आणि गुल्ड हा मेडिक असणे ही पटकथेतली उत्तम निवड आहे. त्याचा नास्तिकपणा पुस्तकी नाही. त्याने माणसांच्या जखमा हाताने दाबून धरल्या आहेत आणि कोण वाचते, कोण मरते हे रोज पाहिले आहे. रक्त किती गेले, मदत किती वेळात पोहोचली, गोळी कुठे लागली, यांखेरीज दुसरा हिशेब त्याच्या अनुभवाला आलेला नाही. असा माणूस डीकनला अडवतो तेव्हा त्याच्या बाजूला पुरावा असतो, आणि चित्रपट तो पुरावा खोडायला जात नाही. चर्चेत डीकन जिंकत नाही. बहुतेक वेळा तो गप्पच राहतो.

त्यात डीकनची स्वतःची अवस्था अशी की, त्याची श्रद्धा त्याला झोपसुद्धा मिळवून देत नाही. तो देव मानतो आणि त्याचे हात कापतात. तो प्रार्थना करतो आणि मेलेली मुले तरीही दिसतात. नास्तिक गुल्ड शांत झोपतो. श्रद्धेच्या बाजूने काढलेल्या चित्रपटात श्रद्धावान माणूस सर्वांत मोडलेला दाखवण्याला धैर्य लागते, कारण हा चित्रपट ज्यांच्यासाठी काढला त्यांना हे रुचेलच असे नव्हते.

शेवटी डीकन मरतो. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी याला म्हणतो. मित्रसैन्याच्या हद्दीपर्यंत पोहोचतात ते गुल्ड आणि विनली. म्हणजे श्रद्धा हे संकटातून वाचण्याचे साधन आहे, हा अर्थ चित्रपट स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. डीकनने माहिती पोहोचवण्यासाठी आणि साथीदारांसाठी जे केले ते त्याच्या श्रद्धेतून आले असे आपण मानू शकतो, पण त्याला त्याबद्दल जगण्याचे बक्षीस मिळालेले नाही. आणि जो वाचला त्याने वाचण्यासाठी देवाला हाक मारलेली नव्हती. या शेवटाने बोन्येच्या शेतातल्या ८४ जणांशी चित्रपट प्रामाणिक राहतो. आज त्या चौकात दगडी भिंतीवर त्यांची नावे ओळीने लावलेली आहेत, आणि डीकनचे मरण त्या भिंतीसमोर उभे राहून पाहिले तरी खोटे ठरत नाही.

रुडी

याच कसोटीवर रुडीचा प्रसंग पाहायला हवा, कारण चित्रपटाचा कस तिथे लागतो आणि माझ्या मते तिथे तो अर्धाच उतरतो. सैनिकांच्या हाती एक जर्मन सापडतो. डीकन पाहतो तर तो बर्लिनच्या दिवसांत ओळखीचा झालेला रुडी. गुल्डच्या दृष्टीने तो त्या शेतात गोळ्या झाडणाऱ्यांच्या फौजेतला माणूस आहे. डीकनच्या दृष्टीने तो आपला माणूस आहे. पहाऱ्यावर असताना डीकन त्याला सोडून देतो, आणि त्यावरून गुल्डचा संताप उसळतो. सुटलेला शत्रू परत जाऊन आपला ठावठिकाणा सांगेल ही भीती निराधार नाही. दया दाखवणाऱ्याने फक्त स्वतःचा जीव नव्हे, तर न विचारता साथीदारांचाही जीव पणाला लावलेला असतो. हा पेच चित्रपट नीट मांडतो. डीकन चुकला असेल ही शक्यता तो उघडी ठेवतो.

पण आर्देनच्या जंगलात पसरलेल्या लाखो सैनिकांतून नेमका तोच माणूस समोर यावा, हा योगायोग गळी उतरत नाही. जिथे जिथे चित्रपटाने चमत्कार नाकारला, तिथे तो खरा वाटला. इथे लेखकाने स्वतःच एक चमत्कार घडवून आणला आहे. अनोळखी जर्मनाला डीकनने केवळ त्याच्या भाषेत बोलून ओळखले असते आणि मग सोडले असते, तर दया अधिक महाग आणि अधिक कठीण झाली असती. मित्राला सोडणे हे श्रद्धेशिवायही जमते.

तरीही या प्रसंगामागे एक खरा इतिहास आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, या चर्चने आपले अमेरिकी प्रचारक जर्मनीतून घाईने बाहेर काढले. मागे राहिलेले हजारो जर्मन अनुयायी हिटलरच्या राज्यातच जगले, त्यांतले तरुण सैन्यात गेले. हाम्बुर्गचा हेल्मुट ह्यूबेनर हा त्याच समाजातला सतरा वर्षांचा मुलगा नाझीविरोधी पत्रके वाटल्याबद्दल २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनमध्ये शिरच्छेद करून मारला गेला, आणि त्याच्या अटकेनंतर स्थानिक शाखेने त्याला पंथाबाहेर काढले होते. युद्ध संपल्यावर त्याचे सदस्यत्व परत देण्यात आले. एकच प्रार्थना म्हणणारी माणसे दोन्ही सैन्यांत होती, आणि एकाच सैन्याच्या आतही ती एकमेकांविरुद्ध उभी होती. डीकन आणि रुडी यांच्या भेटीत हा सगळा भार आणता आला असता. पटकथेने त्यातली मैत्री घेतली आणि ह्यूबेनरच्या गोष्टीतला काळोख सोडून दिला. हे वगळणे पैशामुळे झालेले नाही.

संगीताबाबतही माझी तक्रार आहे, पण थोडक्यात सांगतो. ज्या क्षणी डीकनचा चेहरा पुरेसा आहे, त्या क्षणी वाद्ये येऊन प्रेक्षकाला गहिवरायला सांगतात.

प्रमाणपत्राचा पेच

चित्रपट तयार झाला तेव्हा अमेरिकी प्रमाणन मंडळाने त्याला युद्धातील हिंसेसाठी ‘आर’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. दुसऱ्या कुणासाठी ही गोष्ट किरकोळ ठरली असती. पण १९८६ मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी तरुणांना ‘आर’ चित्रपट पाहू नका असे जाहीरपणे सांगितले होते, आणि समाजातली पुष्कळ कुटुंबे तो उपदेश कसोशीने पाळत. ज्या प्रेक्षकासाठी चित्रपट काढला त्यालाच त्या प्रमाणपत्राने दार बंद झाले असते. निर्मात्यांनी काही हिंसक क्षण कापले आणि ‘पीजी-१३’ हे, तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना केवळ सावध करणारे, सौम्य प्रमाणपत्र मिळवले.

हा निर्णय मला सहज पटत नाही. शरण आलेल्या माणसांच्या कत्तलीतली क्रूरता जितकी कमी दाखवावी, तितका गुल्डचा प्रश्न हलका होतो, आणि गुल्डचा प्रश्न हलका झाला की डीकनच्या दयेलाही वजन उरत नाही. बोन्येला माणसे स्वच्छपणे मेली नव्हती. मात्र या चित्रपटाने हत्याकांडाचा भार पहिल्या काही मिनिटांवरच टाकलेला नाही. ती मिनिटे पुढे डीकनच्या निद्रानाशात, गुल्डच्या कडवटपणात, केंड्रिकच्या थांबत नसलेल्या बडबडीत चालू राहतात. कापलेल्या क्षणांचे ओझे जिवंत राहिलेल्यांच्या अंगावर दिसते, म्हणून ती काटछाट चित्रपटाला मारक ठरलेली नाही. कत्तल हाच ज्याचा मुख्य आधार आहे अशा युद्धपटाला ती पेलली नसती.

पुढे काय झाले

चित्रपटाने २००४ मध्ये चित्रपटगृहांतून सुमारे १३ लाख डॉलरची तिकिटे विकली. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे आणि वितरणाकडे जातो हे लक्षात घेतले, तर केवळ या पैशावर खर्च भरून निघाला असता असे म्हणता येत नाही. अशा चित्रपटाचा खरा आधार नंतर घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या डीव्हीडीचा असतो. दखल मात्र समाजाबाहेरही घेतली गेली. अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटांसाठी दिल्या जाणाऱ्या स्पिरिट पुरस्कारांत त्याला पहिल्या चित्रपटाच्या गटात आणि लिटल यांना छायालेखनाच्या गटात नामांकन मिळाले. छायालेखनाचे नामांकन मला अधिक बोलके वाटते. जे चौकटीबाहेर ठेवले त्यालाही ही दाद होती.

लिटल यांनी याच नावाखाली २०१२ आणि २०१४ मध्ये आणखी दोन चित्रपट केले. २०१२च्या चित्रपटात दक्षिण फ्रान्समध्ये उतरलेले, आपल्या तुकडीपासून तुटलेले छत्रीधारी सैनिक आहेत. मूठभर माणसे, शत्रूचा मुलूख, आणि शत्रूच्या गणवेशातल्या माणसाशी गाठ, हा साचा त्यांनी तसाच ठेवला. कॉर्बिन ऑलरेडही परत आला, पण वेगळ्या सैनिकाच्या वेगळ्या नावाने. डीकन आर्देनच्या बर्फात मेला होता, आणि प्रेक्षकांच्या आवडीसाठीसुद्धा त्याला उठवून आणले गेले नाही.